मस्कतहून परत आलेली गंगाक्का

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि अक्षर तर वाकडंच येणार. कुणी वाचलंच तर माफ करावं. खरं म्हणजे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. धाकट्या लेकीची शाळेची वही अर्धी कोरी राहिली होती, ती घेतली आहे. दुपारी सगळे बाहेर गेले की लिहिते.

कारण असं झालं. मागच्या आठवड्यात सगळे जेवायला बसले होते. सुनेचा मामेभाऊ दुबईला गेला होता, तो वर्षभरातच परत आला, त्यावरून विषय निघाला. सून म्हणाली, ज्याला जमतं तो राहतो, ज्याला जमत नाही तो परत येतो, त्यात काय एवढं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला गंगाक्का आठवली. काहीतरी बोलावं असं फार वाटलं, पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी भाजी वाढली आणि गप्प बसले. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

गंगाक्का आमची शेजारीण. उचगावात आमच्या गल्लीच्या पहिल्या वळणावर तिच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. माहेर कागलच्या पलीकडं, हद्दीच्या गावात. त्यामुळं ती मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरायची. नको म्हणायचं असलं की "बेडा" म्हणायची, आणि ते अशा आवाजात की समोरचा पुन्हा विचारायचा नाही. जात लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. नवरा फौंड्रीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. कोल्हापुरातल्या खानावळींना ज्वारीच्या भाकरी करून द्यायच्या, त्यावर तिचं पोट चालायचं. मी तिच्याकडं भाकरी थापायला जायची. तिच्या भाकरी बहुतेक मटणाच्या खानावळीत जायच्या. बायका चिडवायच्या की अक्का, तुझी भाकरी तांबड्या रश्श्यात बुडते की गं. ती म्हणायची, "घरातनं निघंपतोर ती माझी. म्होरं ती कुणाबरोबर जाती ते तिचं ती बघंल."

पिठाच्या बाबतीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चिमूटभर पीठ ओलं करून ती बोटांत मळायची आणि त्यात विरी आहे की गेली हे सांगायची. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात. तसलं पीठ आलं की ती गिरणीवाल्याला सगळी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्यानं नावं ठेवायची आणि संध्याकाळी त्याच्याच बायकोला लोणचं द्यायची.

चूल आत होती, पण अक्का कायम उंबऱ्यात. लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, केस विंचरणं, सगळं उंबऱ्यात बसून. रस्त्यानं कुणी अनोळखी चाललं की हाक मारायची, "ओ पावणं, कुठलं म्हणायचं?" आणि माणूस उन्हातून आलेला असला तर गूळ-पाणी. एकदा थकलेल्या बिलापायी तिची वीज तोडायला माणूस आला. तिनं त्यालाही बसवलं, गूळ-पाणी दिलं. त्यानं बहिणीच्या लग्नाची सगळी अडचण तिला सांगितली, तिनं त्यावर सल्ला दिला. मग तो बिचारा खाली मान घालून उठला आणि खांबावर चढून तिची वीज तोडून गेला. आम्ही बायका त्याला शिव्या द्यायला लागलो, तर ती आमच्यावरच ओरडली, त्याचं काम हाय की ते. तो महिना तिनं कंदिलावर काढला.

अशी ही बाई परदेशात गेली, हे कुणाला खरं वाटत नाही. गेली ती त्या उंबऱ्यापायीच. घरमालकाला खोल्या विकायच्या होत्या. तो म्हणाला, दोन वर्षांत पैसे आणलेस तर तुलाच देतो. भाकरीवर खोल्या घेता येत नाहीत. त्याच सुमाराला कोल्हापुरातल्या एका एजंटानं मस्कतला स्वयंपाकाच्या बाया पाहिजेत असं सांगितलं. मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट. एजंटाला द्यायचे पैसे कुठून आणायचे? तर गल्लीतल्या बायकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल तिनं सगळी उचलायची. भिशी ताराबाई चालवायची. अक्कानं चिठ्ठीशिवाय पहिली उचल मागितली. उचल घेऊन परदेशात जाणार म्हणजे पुढचे हप्ते बुडाले तर काय, असं ताराबाईनं विचारलं. मी म्हणाले, मी आहे. इतक्या बायकांत मी बोललेले बहुतेक तेवढेच दोन शब्द.

तिच्याबरोबर त्याच खेपेला पेठ वडगावची शैला गेली. तीही स्वयंपाकालाच. दोघींची ओळख एजंटाच्या बाकड्यावर झाली. तिशीची, बारीक चणीची बाई, खाली बघून बोलणारी. मला वाटलं, ही महिन्याभरात रडत परत येईल आणि अक्का सगळ्या मस्कतला हाका मारत फिरेल. झालं उलटंच.

दोघींना एकाच इमारतीत काम लागलं, अक्काला खालच्या मजल्यावर, शैलाला दोन मजले वर. अक्काची मॅडम मराठीच होती, पण पुस्तकातलं मराठी बोलणारी. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी गेलतो" असंच म्हणतात. मॅडमनं अक्काला सांगितलं, मुलीसमोर असं बोलू नका, तिची भाषा बिघडेल. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात गेला. एजंटानं सांगितलेला पगार आणि तिथला पगार यात बराच फरक निघाला. भिशीचा हप्ता जाऊन खोल्यांसाठी फारसं काही उरणार नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. तरी तिनं हप्ता चुकवला नाही. इथून नेलेलं पीठ संपलं आणि दुकानातलं पाकिटाचं पीठ आलं, त्याला विरी नव्हती. भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. मॅडम म्हणाली, जाऊ दे, पोळ्या करा. अक्काच्या हाताला जे चांगलं येत होतं तेच बंद झालं.

महिन्यातून एका शुक्रवारी मॅडम तिला फोन करू द्यायची. आमच्या कोपऱ्यावरच्या बूथमध्ये फोन यायचा आणि बूथवाला मला हाक मारायचा. काचेच्या त्या पेटीत उभं राहून बोलायला मला फार लाज वाटायची. अक्का माझी खुशाली विचारायची नाही. पहिलं वाक्य हेच, "आता रस्त्यानं कोण चाललंय, सांग." मग मी काचेतून बघून सांगायची. डेअरीची गाडी गेली. ताराबाईची सून दळण घेऊन चालली. दोन पोरं सायकलवर डबलसीट. एक फेटेवाले आजोबा आहेत, ओळखीचे नाहीत. ती विचारायची, "कुठलं म्हणं?" मी म्हणायची, अक्का, मी कशी विचारू? ती म्हणायची, "इच्यारायचं की. पावण्याला इच्यारायला पैसं पडत्यात व्हय?" त्या दिवशी मी बूथमधून डोकं बाहेर काढलं आणि त्या आजोबांना विचारलं. कांडगावचे होते. अक्काला ते ऐकून कितीतरी बरं वाटलं. ती म्हणाली, इथं खिडक्या उघडत नाहीत आणि खाली नुसत्या गाड्या पळतात, माणसं गाडीतच जन्मल्यासारखी.

मग एक गोष्ट झाली. ती तिनं मला परत आल्यावर सांगितली.

दुपारची वेळ, साहेब-मॅडम बाहेर. पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन एक माणूस आला. उन्हानं लाल झालेला. कुठल्या देशाचा ते अक्काला कळलं नाही, त्याची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्याला. अक्का म्हणाली, "बसा की पावणं." दार सताड उघडं ठेवून तिनं त्याला स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं आणि उरलेला कोल्हापूरचा गूळ फोडून पाणी दिलं. तो पीत होता तेवढ्यात मॅडम मुलीला शाळेतून घेऊन आली. घराचं दार उघडं आणि आत परका पुरुष मांडी घालून बसलेला. मॅडमनं मुलीला मागं ओढलं. तो माणूस कॅन तिथंच टाकून पळाला. संध्याकाळी साहेबांनी अक्काला समजावून सांगितलं की इथं एकट्या बाईनं अनोळखी पुरुषाला घरात घेतलं तर पोलीस नेतात, त्यालाही आणि तुम्हालाही. आम्ही मुलीला तुमच्या भरवशावर ठेवतो, उद्या कोण घरात येईल? अक्का म्हणाली, पाणी दिलं हो. साहेब म्हणाले, तुमचं मन चांगलं आहे, ते आम्हाला कळतं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती दोघं बाहेर पडताना दाराला कुलूप लावायला लागली.

"त्यांचं चुकलं म्हणू नगंस," अक्का मला म्हणाली होती. "माझंबी चुकलं न्हवतं."

आधी शैला शुक्रवारी तिच्याकडं यायची. साहेब-मॅडम शुक्रवारी बाहेर जायला लागले की आता कुलूप असायचं. मग शैला दाराबाहेर जिन्यात बसायची आणि अक्का दाराच्या आत जमिनीवर. लाकडाला तोंड लावून दोघी बोलायच्या. शैला सांगायची ते सगळं नवं असायचं. तिच्या घरची मुलं तिला इंग्रजी शिकवत होती, ती तिथला ब्रेड आणि खजूर आवडीनं खायला लागली होती, मासे करायला शिकली होती. अक्का ऐकायची आणि विचारायची, जिन्यातनं कुणी गेलं का गं?

एका शुक्रवारी बूथमध्ये फोन आला. मी आपणहून सुरू केलं, अक्का, आज बाजाराचा दिवस, रस्ता भरलाय, आणि समोरनं... "नगं सांगूस," ती म्हणाली. नंतर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. बूथवाल्यानं काचेवर टकटक केली तेव्हा मी फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. तिनं खाणं टाकलं होतं आणि बोलणंही, असं नंतर कळलं. बोलणं टाकलेली गंगाक्का कशी दिसत असेल, ते मला अजूनही डोळ्यांपुढं आणता येत नाही. मॅडमही घाबरली. शेवटी शैलानं तिच्या साहेबांना गळ घातली, त्यांनी अक्काच्या साहेबांशी बोलणं केलं. करार मोडून पाठवायचं तर तिकीट पगारातून कापायचं असं ठरलं. आधीच्या थोड्या महिन्यांचा पगार त्यात गेला.

आणि भिशीचे हप्ते थांबले. ताराबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या ह्यांना तेव्हाच कळलं की मी जामीन राहिले होते. ते रागावले नाहीत, नुसते बोलायचे बंद झाले. ते जास्त वाईट. माझ्याकडं होतं तेवढं मी घातलं, पण भिशी मोडली ती मोडलीच. ज्यांची उचल व्हायची राहिली होती त्या सगळ्यांचे पैसे अडकले.

गंगाक्का परत आली त्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमली होती. एक बॅग, एक घोंगडीसारखा जाड रग आणि दूध पावडरचा डबा. बायका सोनं शोधत होत्या. खोल्या मालकानं मधल्या काळात दुसऱ्याला विकल्या होत्या. नव्या मालकाला तिथं राहायचं नव्हतं, त्यानं अक्कालाच भाडेकरू ठेवलं. म्हणजे ज्यासाठी गेली ते गेलं आणि वर भिशीचं देणं राहिलं. तिनं कुलूप काढलं, बॅग आत ढकलली आणि उंबऱ्यात बसली. बायकांकडं बघून म्हणाली, "तुमचं सगळ्यांचं पैसं देणार हाय. पळून आलो न्हाई, परत आलोय."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तिला चुलीपुढंच बघितली. दोन खानावळी होत्या तिथं पाच झाल्या. पहाटे आदण ठेवायची ते रात्रीपर्यंत. एकेकीचे पैसे ती घरी जाऊन द्यायची, उंबऱ्यात बोलावून कधी दिले नाहीत. सगळ्यात कठीण ताराबाई. भिशीच्या पैशांतून तिला म्हैस घ्यायची होती, ती राहिली. रोज सकाळी डेअरीतून विकतचं दूध घेऊन येताना ती अक्काच्या दारापुढं थांबायची आणि कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणायची, "आमची म्हस गेलीया दुबईला चरायला."

"मस्कतला," अक्का आतून म्हणायची.

माहेरी बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. अक्कानंच त्या पोरीला लहानपणी सांभाळलं होतं. तिनं इरकल लुगडं काढलं, केस विंचरले, पिशवी घेऊन फाट्यावर एसटीला जाऊन उभी राहिली. मी सोडायला गेले होते. तिथं ताराबाईची सून भेटली. चारचौघांत हसत तिनं विचारलं, अक्का, परत येणार न्हवं? एसटी आली, थांबली, माणसं चढली. अक्काचा हात दांड्यावर होता. तिनं तो काढला. घरी येऊन लुगडं बदललं आणि परातीत पीठ घेतलं. मी म्हणाले, अक्का, जायचं होतंस. ती म्हणाली, बेडा. लग्न लागायच्या वेळेला ती भाकरी थापत होती आणि तिचं लक्ष सारखं बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाकडं होतं.

शैला दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायची आणि अक्काला भेटल्याशिवाय जायची नाही. तिचं आता छान चाललं होतं. त्या घरचं काम सोडून ती तिथंच डबे करून द्यायला लागली होती. ताठ बसायची, समोर बघून बोलायची. एकदा मी थापत होते आणि त्या दोघी उंबऱ्यात बसल्या होत्या. अक्कानं विचारलं, तुला तिथं करमतं तरी कसं गं?

शैलानं पाय उंबऱ्याबाहेर सोडले. मग म्हणाली, "अक्का, वडगावात आमचं घर माणसांनी भरल्यालं. लग्न झाल्यापास्नं धान्याच्या पोत्यांमधल्या बोळात निजलो मी. एकटी अशी कधी बसलोच न्हवतो. तिथं मला कोठीएवढी खोली दिली, पण आतनं कडी हुती. पहिल्या शुक्रवारी मी कडी लावली आणि नुसती बसलो. कुणी हाक मारली न्हाई. लई रडलो मी. बरं वाटून रडलो."

"तुझ्या जागी मी असतो तर चार दिसांत भित्तीशी भांडलो असतो," अक्का म्हणाली.

शैला हसली. वडगावात आली की तिचा जीव गुदमरतो, सुट्टी संपायच्या आत तिकडचे वेध लागतात, असं ती सांगत होती. मग तिनं अक्काला विचारलं, "तू तरी सुटलीस न्हवं?"

"कुठलं सुटतंय? तारीची म्हस हाय की गळ्यात. तिथं कुलूप सायबानं घातलं हुतं, हितलं मी घातलंय." आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसाला तिनं मोठ्यानं विचारलं, कुठलं म्हणायचं पावणं?

सुनेला मला हे सांगायचं होतं. गंगाक्काला मस्कत जमलं नाही असं सगळी गल्ली म्हणायची. शैलाला वडगाव जमलं नाही असं कुणीच म्हणत नाही. मला एवढंच कळतं की शैला जे सोडून गेली ते तिला नको होतं, आणि अक्का जे मिळवायला गेली ते तिच्याजवळ आधीपासूनच होतं, फक्त कागदावर नव्हतं. राहणारा शूर आणि येणारा भित्रा, असं मला म्हणता येत नाही. सुनेच्या मामेभावाला कुणी विचारलं का, तिथं त्याच्या दाराला कडी कुठल्या बाजूनं होती?

माझ्या घराला दोन्ही बाजूंनी कडी आहे. मी कधी कुठं गेले नाही. असो.

ताराबाईचे पैसे सगळ्यात शेवटी राहिले. तोवर गल्लीत मोबाईल आले होते, बूथ बंद होऊन तिथं झेरॉक्सचं दुकान झालं होतं. ते पैसे दिल्यावर आठवड्याभरात अक्का बहिणीकडं गेली, ती तिकडंच राहिली आणि तिकडंच वारली. मी तिला शेवटची डोळे भरून बघितली ती ताराबाईच्या घरी.

दुपारची वेळ होती. ताराबाईची नवी भिशी होती, म्हणून बायका जमल्या होत्या. अक्का मला घेऊन गेली. हाताला पीठ तसंच होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा ताराबाईच्या पुढं ठेवल्या. ताराबाईनं त्या उचलल्या आणि न बघताच म्हणाली, राहू दे अक्का, बरोबर असतील.

"मोज की," गंगाक्का म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं मोज."

ताराबाईनं अंगठा ओला केला आणि मोजायला लागली. अक्का भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले. दिवसाढवळ्या पाय लांब करून बसलेली मी तिला किती वर्षांत बघितली नव्हती. नोटा बऱ्याच होत्या, जुन्या, मऊ पडलेल्या. ताराबाईचं मध्येच चुकलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. सगळ्या बायकांचं लक्ष तिच्या बोटांकडं होतं.

"पुरं हायत," ताराबाई म्हणाली आणि अक्काकडं वळली.

अक्काला झोप लागली होती. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. ताराबाईनं सुनेला खुणेनं पंखा लावायला सांगितलं. मग नोटा कमरेच्या पिशवीत घातल्या, पिशवीची नाडी ओढली आणि आमच्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "फिटलं सगळं."